डाव्या हाताच्या रेघा

हे मी फोनला सांगून लिहून घेतोय, कारण माझा उजवा हात गेल्या हिवाळ्यापासून मांडीवर पडून आहे. रॉटरडॅमच्या माझ्या गोदामात भेंडीच्या खोक्यांवरून ड्रायव्हरशी भांडत होतो, तेव्हाच अर्धांगाचा झटका आला. जीभ तेवढी वाचली. बायको म्हणाली, "ती गेली असती तर ड्रायव्हर तरी सुटले असते."

उपचार केंद्रात लेकीने एक जाड पुस्तक आणून दिलं. पाचशे वर्षांपूर्वीचा इटलीतला एक चित्रकार. त्यात त्याची चित्रं, यंत्रांचे आराखडे, चिरलेली प्रेतं, पाण्याचे भोवरे. लेकीला मराठी कळतं, पण ती उत्तर डचमध्ये देते. एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, लिंक्सहँडिग." म्हणजे डावखुरा.

मीही होतो. शाळेत जायच्या आधी अंगणातल्या फरशीवर कोळशाने बैल काढायचो. ते बघायला शेजारचे थांबायचे. मग मला वळण लावायचं काम आईने ताईकडे दिलं. ताई तेव्हा चौदा-पंधराची. ती परकराच्या नाडीने माझा डावा हात पाठीशी बांधायची आणि उजव्यात पेन्सिल द्यायची. प्रसादाला डावा हात पुढे केला की पट्टी बसायची. शेवटी मी सगळं उजव्याने करू लागलो. बैल मात्र त्या हाताला कधीच जमला नाही. मी भाजीच्या धंद्यात शिरलो, शून्यातून इथवर आलो, पण ती नाडी विसरलो नाही.

त्यामुळे पुस्तक वाचताना माझं डोकं तापलं. हा चित्रकार म्हणजे लग्नाबाहेर झालेलं पोर. बाप दस्तऐवज करणारा प्रतिष्ठित माणूस, पण असल्या मुलाला त्याच्या धंद्यात घेणार कोण? म्हणून मोठी शाळा नाही, आणि माझ्या मते म्हणूनच कुणी त्याचा हात बांधला नाही. गावात उंडारला, मग शहरातल्या एका उस्तादाच्या कार्यशाळेत लागला. तिथे रंग घोटता घोटता शिकला. उस्तादाच्या चित्रात कडेला एक देवदूत काढला आणि म्हणे तो बघून उस्तादाने पुन्हा रंगाला हात लावला नाही.

पुढे तर कहर. धातूचा प्रचंड घोडा करायचं कबूल केलं आणि मातीचाच करून ठेवला. लढाईत सैनिकांनी त्यावर बाण मारले. भिंतीवर जेवणाचं मोठं चित्र काढलं, तेही स्वतःच्या नव्या पद्धतीने, आणि त्याच्या हयातीतच रंगाचे पोपडे सुटू लागले. अर्धं काम टाकून पक्षी कसे उडतात ते बघत बसायचा. असा पुरवठादार मी दारात उभा केला नसता. राजे मात्र त्याच्या मागे. म्हातारपणी त्याचाही उजवा हात लुळा पडला, असं लिहिलंय. त्याचं काय बिघडलं? त्याच्याकडे डावा होता.

मग माझा डावा मला परत हवा होता. व्यायाम घेणाऱ्या डच बाईला मी म्हणालो, "उजव्याचा वेळ डाव्याला द्या. उजव्यावरचा हक्क सोडला."

"मेनेर," म्हणजे साहेब, "हा बाजार नाही."

"निम्मा तरी?"

"नाही."

तरी डाव्याला चमचा आला, गुंड्या आल्या. पेन्सिल मात्र मी उचलली नाही. हाताला बैल आठवत नसेल, तर ते कळायला नको होतं.

पुस्तकात एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली होती. उजव्या हाताचे चित्रकार सावलीच्या रेघा वर उजवीकडून खाली डावीकडे आणतात. या डावखुऱ्याच्या बरोबर उलट्या, डावीकडून उजवीकडे. त्यावरून जाणकार त्याचं चित्र ओळखतात.

गणपतीत ताईचा सांगलीहून व्हिडिओ कॉल आला. मी डाव्या हाताने आरती ओवाळत होतो. निरांजन हलत होतं.

"राहू दे रे, डाव्याने चालतं," ताई म्हणाली. "देव काय बघतोय?"

"चालतं? मग तेव्हा का नाही चाललं? माझा हात बांधलास तू!"

"ओरडू नकोस, गणपती बसलाय. चारचौघांत डाव्याने भात खायचास. आईला तोंड दाखवायला जागा नव्हती."

मी तबक बायकोकडे दिलं. टेबलावरचा कागद आणि पेन्सिल ओढली. "थांब, दाखवतो काय बांधलंस ते."

फोन समोर टेकवून बैल काढायला लागलो. पाठीची रेघ वेडीवाकडी आली, ते ठीक होतं. मग पोटाखाली सावली भरली, भराभर, काही न ठरवता. थांबून बघितलं. डावा हात उजवीकडून डावीकडे रेघा ओढत होता. एकूण एक रेघ उजव्या हाताची. मनगट मुरडून मुद्दाम उलट्या ओढायला गेलो, तर पेन्सिल कागदात रुतली.

ताईने चष्मा लावून स्क्रीनजवळ तोंड आणलं. तिला रेघांतलं काय कळणार! पण तिचा चेहरा उजळला.

"बघ," ती म्हणाली, "किती नीट वळण लागलंय. डाव्यालासुद्धा."

ती खरंच कौतुक करत होती. बायकोने फोन उचलला आणि मोदकांचं बोलायला लागली.