तलावाचे चिनी राजे

अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीच्या वर्गातच राहिलं, तेवढं माफ करावं. पण माझ्या भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, जुन्या चीनच्या राजांची जेवढी काळजी होती तेवढी त्या राजांच्या राण्यांनाही नसेल. मोहाडीच्या बाजारात रद्दीवाल्याकडून त्यांनी एक पुस्तक उचललं आणि त्या दिवसापासून आमचं ढिवरांचं घर दरबार झालं. चीनमध्ये म्हणे राजाला राज्य आभाळ देतं. नीट वागला तर ठेवतं, नाही तर पूर, दुष्काळ धाडून काढून घेतं. भासरे गावच्या तलावावरल्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष होते. खरं तर कचेरीत हेलपाटे घालायला दुसरं कुणी तयार नव्हतं, पण ते म्हणत, "मले मेंबरायनं नाही, आभाळानं बसवलं."

आमच्यात धाकट्याच्या बायकोनं भासऱ्यांशी बोलायचं नाही. मी पदर ओढून दाराआड, म्हणून ते गाईशी बोलत. "गाय, सांग तिले, राजाले चहा पाहिजे." चहा उंबऱ्यावर आला की गाईलाच सगळा चीन ऐकवत. तिथल्या एका राजाच्या राज्यात पाऊस पडेना, तेव्हा चूक माझीच म्हणून तो स्वतःचा बळी द्यायला निघाला, हे ते दर वेळी उभं राहून सांगत. गाय रवंथ करी. ऐकण्याच्या नादात माझा मात्र चुलीवरचा भात करपायचा.

राजानं नातलगांना मुलूख वाटावा आणि त्यांनी नजराणा द्यावा, हेही त्यांनी उचललं. तलावाचा पूर्वेचा काठ चुलतभावाला, सांडव्याची बाजू मेव्हण्याला. मेव्हणा दर बाजाराच्या दिवशी एकच झिंगा आणून हातावर ठेवी. "घ्या भाऊजी, खजिन्यात टाका, चोरायपासून जपा." भासरे तो झिंगा दोन्ही हातांनी घेत.

गेल्या वर्षी बारा घरांनी पाचपाचशे रुपये काढून मासोळीचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, आणलं. आमच्या वाट्याचे मी विड्या वळून जमवलेले. हवा भरलेल्या पिशव्यांतलं ते बारीक बीज सकाळच्या गारव्यात पाण्यात सोडायचं असतं, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण चीनचा राजा मुलूख देताना मूठभर माती देत असे. भासऱ्यांनी बारा जणांना तलावाच्या पाळीवर, बांधावर, रांगेत उभं केलं आणि एकेकाला पळसाच्या पानात मातीचं ढेकूळ दिलं, ढेकळागणिक एक भाषण. पिशव्या उन्हात पडून राहिल्या. बारावं भाषण संपलं तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. पिशव्या सोडल्या तर सगळं बीज पांढरं होऊन वर तरंगलं.

संध्याकाळी आमच्याच अंगणात सभा भरली. मेव्हणा म्हणाला, "ऊनच तसं पडलं, भाऊजी. आभाळाच्या मनात होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. "आभाळापुढं कोणाचं चालते!" असं भासरेही म्हणाले. अध्यक्षपद वाचलं होतं, पैसे बुडाले होते. मला काय झालं कोण जाणे. पदराचं टोक दातात धरलेलं सुटलं आणि मी दाराआडून बोलले, "गाय, विचार त्यायले. ऊन आभाळाचं होतं, पण भाषण कोणाचं होतं?"

माझा नवरा नुसता खोकला. भासरे उठले. "बरोबर बोलून राहिली. त्या राजानं आभाळावर नव्हतं ढकललं. दुसरा अध्यक्ष पाहा. पैसे मी भरतो, सगळ्यायचे."

"काहून भाऊजी, राहू द्या," मेव्हणा पुटपुटला. पण ते ऐकेनात.

वर्षभर ते लोकांची जाळी विणत राहिले. दुखरी बोटं शेकत आणि एकेका घराचे पैसे नेऊन देत. चीनचं नाव मात्र काढेनासे झाले. चहा घेतात, उठून जातात. भात आता करपत नाही. कधी वाटतं, करपला असता तरी चाललं असतं.

आमचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. परवा उंबऱ्याशी आले आणि पहिल्यांदाच थेट मला म्हणाले, "घे बाई, पुरे पाचशे आहेत. आता कोणाचंच देणं नाही."

मी दोन्ही हात पुढे केले.