गल्ल्याजवळची ताटली

आमच्या अलाबामात फळीवरची किंमत म्हणजे अर्धवट गोष्ट. राज्याचा, जिल्ह्याचा, गावाचा असे तिन्ही कर गल्ल्यावर चढतात. मिस इडेल प्रुइट यांना तिथं पैसे कमी पडायची आयुष्यभर धास्ती. लहानपणी त्यांच्या आईला भर रांगेत पीठ परत ठेवावं लागलं होतं. म्हणून त्या डॉलरमागे दहा सेंट धरून, दोनदा हिशेब करूनच माझ्या गल्ल्याशी येत.

आज माल वीस डॉलरचा, हातात मोजून बावीस.

"दहा सेंट कमी पडतायत, मिस इडेल. एक तारखेपासून गावानं कर अर्धा टक्का वाढवलाय."

त्या पांढऱ्याफटक पडल्या.

"आटपा की, माझं आइसक्रीम वितळतंय," मागून एकजण कुरकुरला.

गल्ल्याजवळ सुट्ट्या सेंटांची ताटली असते. उरले तर टाका, कमी पडले तर घ्या. त्यातले निम्मे सेंट मिस इडेलनीच टाकलेले.

"यातले घ्या ना," मी हळूच म्हणाले. "तुमचेच आहेत."

त्यांचा हात ताटलीपाशी जाऊन परतला. मग त्यांनी पीचचा डबा मागं सरकवला.

"हल्ली गोड सोसत नाही मला."

मी नवा हिशेब करून मोड दिली. त्यातले सुटे सहा सेंट त्यांनी नेहमीसारखे ताटलीत टाकले.