वार्षिक पाठातला डावा हात

आमचं महिला अध्यापिका विद्यालय यंदा बंद झालं. डी.एड.ला आता मुली येत नाहीत. शिकून नोकरी मिळत नसेल तर येतील कशाला? निरोपाच्या कार्यक्रमाला आम्ही काही जुन्या विद्यार्थिनी सावेडीहून गाडी करून पाथर्डीच्या बाजूला गेलो. कपाटं रिकामी करताना निघालेल्या पाठाच्या वह्या टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. माझीही सापडली. शेवटच्या पानावर, शिकवण्याच्या परीक्षेच्या म्हणजे वार्षिक पाठाखाली, परीक्षकांनी लाल शाईत लिहिलं होतं: 'वर्गाचा प्रतिसाद उत्कृष्ट.'

"उजव्या हाताची करामत!" मैत्रीण खो खो हसली. मला हसू आलं नाही.

परीक्षक यायच्या आधी आम्ही वस्तीवरच्या शाळेतल्या मुलांना पढवून ठेवायचो. उत्तर येत असेल तर उजवा हात वर करायचा, येत नसेल तर डावा. पण हात सगळ्यांनी वर करायचा. मग आम्ही फक्त उजव्या हातवाल्यांनाच उठवायचो. ही युक्ती आधीच्या तुकडीनं आम्हाला शिकवली, आम्ही पुढच्या तुकडीला. बाकी मानसशास्त्र वगैरे सगळं विसरलं, हे कुणी विसरलं नाही.

माझ्या पाठाला चौथीचा वर्ग होता. मागच्या रांगेतली एक मुलगी प्रत्येक प्रश्नाला डावा हात वर करत होती, अगदी गुडघ्यांवर उठून. ऊसतोडीला गेलेल्या घरातली, त्याच सकाळी परत आलेली. मला रागच आला. येत नाही तर एवढी घाई कशाला, परीक्षकांचं लक्ष जाईल ना! मी तिला एकदाही विचारलं नाही.

पाठ संपला. परीक्षक दारात मुख्याध्यापकांशी बोलत उभे राहिले. ती मुलगी फळ्यापाशी आली. उजव्या हाताला चिंधी गुंडाळलेली होती.

"हाताला काय झालं गं?"

"कोयता लागला. म्हून आईनं मावशीकडं आणून सोडलं." मग म्हणाली, "बाई, मला का न्हाई इचारलं? मला समदं येत हुतं."

आमची खूण ठरली तेव्हा ती गावातच नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या तिथे एक प्रश्न विचारायला कितीसा वेळ लागला असता? पण माझे कान दाराकडे होते, परीक्षक माझ्याबद्दल काय बोलतात ते ऐकायला.

"उद्या विचारते हं," मी म्हणाले, "सगळ्यात आधी तुलाच."

"व्हय?" ती हसली आणि जागेवर जाऊन बसली.

तो माझा त्या शाळेतला शेवटचा पाठ होता. दुसऱ्या दिवशी मी येणार नव्हते, आणि बोलताना मला ते माहीत होतं.