दिघेसाहेबांची दोन बोटं

साल दोन हजार चोवीस, माझं वय त्र्याहत्तर. पावट्याच्या शेंगा तोडत होतो, तेव्हा दिघेसाहेबांच्या मुलाचा, समीरचा फोन आला. "अण्णा, बाबा गेले. झोपेतच…" मी नुसतं "सरी" म्हटलं, कानडीत "बरं" म्हणतात तसं. टोपली तिथंच ठेवून बांधावर बसून राहिलो.

साहेब साताऱ्याकडचे, इथल्या कानडी मुलखात सरकारी कारखान्यात इंजिनियर, घर शहरात राजाजीनगरात. निवृत्त झाल्यावर त्यांनी के. आर. पुरमच्या पुढं दीड एकर घेतलं, छोटा ट्रॅक्टर घेतला आणि चालवायला मला ठेवलं. मी निपाणीकडचा, शाळा चौथीपर्यंत, तीही बैलांतून वेळ मिळेल तशी. पण ट्रॅक्टरवर हात असा बसला की माझ्याइतकं नांगराचं सरळ तास कुणाचं पडत नाही. हे मी म्हणत नाही, शेजारचा नारायणप्पा म्हणतो, आणि तो कुणाला फुकट चांगलं म्हणणारा माणूस नव्हे. साहेबांचं नि माझं रोज वाजायचं. "अण्णा, मागे घेताना आरशात बघा." "आरशात नवरदेव बघतो, साहेब. मी मान वळवून बघतो." ते हसायचे, पण आपला हेका सोडायचे नाहीत. मीही सोडायचो नाही.

ट्रॉली जोडायला दोन माणसं लागतात. एकानं ट्रॅक्टर मागे घ्यायचा, दुसऱ्यानं ट्रॉलीचा दांडा उचलून धरायचा, भोकावर भोक आलं की वरून पिन सोडायची. साहेबांनी त्याचा नियमच घातला होता. आधी बाजूला उभं राहून "स्वल्प… स्वल्प… सरी", म्हणजे थोडं, थोडं, बस, असं म्हणायचे. सरी म्हटलं की मी गिअर काढून इंजिन बंद करायचं, मग ते आत हात घालणार. पिन बसली की बाहेर येऊन दोन्ही हात वर करून दाखवायचे, तेव्हा मी चावी फिरवायची. कारखान्यात तीस वर्षं त्यांनी लोकांना हेच शिकवलं होतं. मला तो पोरखेळ वाटायचा.

सहा वर्षांमागची गोष्ट. शेणखत आणायला ट्रॉली जोडत होतो. नारायणप्पा बांधावर उभा. भोकं चार बोटं चुकली. साहेब म्हणाले, "थांबा अण्णा, तिरका आलाय. पुन्हा पुढे घ्या." तिसऱ्यांदा म्हणाले. नारायणप्पा हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली… चार बोटांसाठी पुन्हा पुढं? इंजिन चालूच होतं, गिअर मागचाच होता. मी मान वळवलीच नाही. क्लच जरासा सोडला. तेवढ्यात, मी पुढंच घेणार असं धरून, साहेब दांडा सरळ करायला वाकले होते.

उजव्या हाताच्या दोन बोटांची शेवटची पेरं गेली. टॉवेल गुंडाळून रिक्षातून दवाखान्यात निघालो, तर तेच मला समजावत होते. "माझाच हात चुकून आत गेला, एवढंच सांगायचं. नारायणप्पालाही बांधावरून तसंच वाटलं असणार. नाहीतर समीर तुम्हाला उद्याच ट्रॅक्टरवरून उतरवील. आणि उतरवलं की तुम्ही गावी चालते व्हाल. ओळखतो मी तुम्हाला." नाही म्हणायला पाहिजे होतं. मी रस्त्याकडं बघत राहिलो…

पुढं काय झालं? मी ट्रॅक्टरवर राहिलो, साहेब खुर्चीवर गेले. समीरनं विहिरीजवळ प्लास्टिकची खुर्ची ठेवली. "बाबा, तुम्ही फक्त बघायचं." ट्रॉली जोडायला नारायणप्पा येऊ लागला. आयुष्यभर यंत्रांत राहून दहाच्या दहा बोटं राखलेला माणूस खुर्चीवरून बघत बसायचा. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी विचारायचंच, "काय दिघे, उपदेश दुसऱ्यांनाच का?" साहेब हात खिशात घालून हसायचे. मी प्रसाद खात उभा असायचो. एकदाही तोंड उघडलं नाही. तेही मला एकदाही टोचून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडलो असतो.

साहेब गेल्यावर महिन्याभरानं त्यांच्या घरी सगळे जमले. कारखान्यातले एक जुने सोबती मायेनंच बोलले, पण शेवटी म्हणाले, "दुसऱ्यांची बोटं वाचवणारा आमचा दिघे स्वतःची मात्र सांभाळू शकला नाही." लोक हळूच हसले. अक्का, म्हणजे साहेबांच्या पत्नी, डोळे पुसत म्हणाल्या, "किती बोलले मी त्यांना त्या हलगर्जीपणावरून…" मी कोपऱ्यात कॉफी प्यायलो, पेला विसळून ठेवला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं राजाजीनगर गाठलं. अक्का एकट्या होत्या. दारातच सांगितलं, "अक्का, साहेबांचा हात बरोबर होता. क्लच मी सोडला." त्या दाराला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मग सहा वर्षं मी कुणाला बोलत होते, अण्णा?"

मी माफी मागायला लागलो, तर हातानं थांबवलं. "मला सांगून तुम्ही मोकळे व्हाल. काल हसले त्यांचं काय? त्यांना कोण सांगणार?"

"सगळ्यांच्या घरी कसा जाऊ?"

"लिहिता येतं ना? लिहून द्या, सगळ्यांना मी पाठवीन."

"चौथीपुरतं."

त्या आत गेल्या. आलेल्याला कॉफी दिल्याशिवाय न सोडणारं ते घर. त्या दिवशी कॉफी आली नाही. कागद आला, पेन आलं. जेवणाच्या टेबलावरची भांडी त्यांनी सरकवली, आणि मी लिहायला बसलो.