बाजारासाठी घडवलेला
पिकल्या पेरूंचा वास आला की मला आमच्या चर्चमधला कापणीचा सण आठवतो. उपासना संपली की लोकांनी अर्पण केलेले पेरू, कणसं, भोपळे यांचा तिथंच लिलाव व्हायचा. त्या वर्षी तो मी पुकारला. देवानं मला पाळक व्हायला बोलावलंय, अशी माझी खात्री होती. धर्मशिक्षणाला जायला फक्त आमच्या पाळकांचं शिफारसपत्र हवं होतं. दोन भाऊबंदांना चिथावून मी एका भोपळ्याला बकऱ्याचा भाव आणला, तेव्हा पाळकांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. “ह्यो माझ्याकडं पत्र मागतोय. पर देवानं ह्याला कशासाठी घडवलाय, बघितलं ना? बाजारासाठी!” लोक खो खो हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं ‘आमेन’ म्हटलं ते माझ्या आईनं. पत्र पाळकांच्या भाच्याला मिळालं, आणि पुढं पाळकही तोच झाला. पुढं मी सुप्यात एकट्याच्या हिमतीवर भंगाराचा धंदा उभा केला. लोक म्हणतात, देवानं बरोबर वाट दाखवली. गेल्या वर्षी शेवटच्या आजारात आई म्हणाली, “लेकरा, माझ्यासाठी प्रार्थना कर की रं.” मी म्हणालो, “मी बाजारातला माणूस, आई. पाळकाला बोलावतो.” आणि तिच्या मुठीतून हात सोडवून त्या भाच्याला फोन लावला.