सारजाबाईचं नाक

“कसला वास म्हणलीस?”

“मढ्याचा, आत्याबाई.”

सारजाबाईच्या हातातली परडी दारातच सुटली. मोगऱ्याच्या कळ्या सारवलेल्या भुईवर पांगल्या, आणि एरवी एकेका कळीसाठी जीव टाकणारी बाई त्यांच्यावरच पाय देऊन उभी राहिली. सारजाबाईनं फूल तुडवलेलं चिकलठाणा गावानं याआधी कधी बघितलं नव्हतं.

ती मूळची कन्नड तालुक्याकडची. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्याच लगीनसराईत पुंजारामाची बायको होऊन इथं आली. पुंजारामाची जमीन विहिरीखालची. त्यात मोगरा, गुलाब, झेंडू, आणि बांधाला सोनचाफ्याची झाडं. पाणी धरायचं काम पुंजारामाचं, फुलं विकायचं सारजाचं. भल्या पहाटे डोक्यावर पाटी घेऊन ती औरंगाबादेत गुलमंडीच्या बाजारात जायची. पुढं एसटी आली तशी एसटीनं. गिऱ्हाईक म्हणालं, “मावशी, गजरा लई महाग केला,” की ही म्हणायची, “मग कांद्याची पात माळ. तिला बी पांढरं बूड असतंय.” तरी गिऱ्हाईक तुटत नसे. मोगरा तिच्या लुगड्यात, केसांत, हाताच्या घट्ट्यांत मुरलेला. ती मागच्या दारानं चढली तरी ड्रायव्हर पुढून ओरडायचा, “सारजाबाई आल्या, हाणा घंटी!”

तर अशा बाईच्या घरात मोगऱ्याला मढं म्हणणारी सून आली.

रामकिसन हा सारजाचा एकुलता पोरगा. गावाशेजारी नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात तो लागला होता. त्याची बायको भागू ही पैठणकडच्या सांडूची लेक. माघात लगीन झालं. चैत्रात मोगरा बहरला, तसं सारजानं सुनेला कळ्या तोडायला नेलं. कळ्या मिटलेल्या होत्या तवर पोरगी बरी होती. सांजच्याला वल्या फडक्यातल्या कळ्या घरात उमलायला लागल्या, आणि भागू तोंडाला पदर लावून मोरीकडं पळाली. मग रोज सांजच्याला तेच.

सारजानं जो अंदाज बांधला, तो कुठल्याही सासूनं बांधला असता. तिनं आळीत साखर वाटली, हिरवी चोळी शिवायला टाकली, गुलमंडीवरच्या बायांना सांगून टाकलं. आणि मग एका सकाळी सून बाहेर बसली. म्हंजी पोटात काहीच नव्हतं. साखर आळीनं कवाच पचवली होती. आता तोंड लपवायचं ते एकट्या सारजानं.

सून न्हाऊन घरात आली, तशी सारजानं तिला दारातच गाठली होती. “मग वकाऱ्या कशाच्या काढत होतीस गं?”

“म्या कुठं म्हणलं दिवस गेलेत म्हणून? तुम्हीच साखर वाटली. मला त्या फुलांच्या वासानं मळमळतंय.”

आणि मग तो शब्द.

शेजारची वच्छलाबाई कुडाआडून ऐकतच होती. ती आत आली आणि पांगलेल्या कळ्या वेचता वेचता म्हणाली, “सारजे, हे बाहेरचं हाय. देवाचं फूल ज्याला सोसत नाय, ते माणूस नसतंय. माणसाच्या आत बसलेलं असतंय काहीतरी.”

सारजाला हे एकदम पटलं असं नाही. तिनं सुनेला विचारलं, “लहानपणी कुणाच्या मढ्यावर मोगरा बघितलास का? तेच डोक्यात बसलं असंल.”

“आमच्या गावात मोगराच नाय, आत्याबाई. म्या तुमच्या मळ्यातच पहिल्यांदा बघितला.”

मग मात्र सारजाला वच्छलाबाईचं पटायला लागलं. पुंजाराम म्हणाला, “अगं, गुलाब तोडंल ती. त्यात काय येवढं?” “तुम्ही गप बसा,” सारजा म्हणाली. रामकिसन कामावर निघून गेला. तिनं सांडूला सांगावा धाडला: येऊन लेक घेऊन जा.

सांडू आला तो उन्हातून, घामाघूम. वसरीत बसला, पण पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही. आत भागूनं गठुडं बांधून ठेवलं होतं.

“इवाई,” सारजा म्हणाली, “मागून म्हणताल खोटा आळ घेतला. तवा तुमच्या डोळ्यांदेखत दावते.” तिनं भागूला वसरीत बसवलं आणि तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. डोळे झाकल्यावर ढोंग असंल तर ते, नायतर आत बसलेलं उघडं पडंल, असा तिचा हिशोब.

झेंडू नाकाजवळ नेला. “झेंडू,” भागू म्हणाली. गुलाब नेला. “गुलाब.” मोगरा अजून हातभर लांब होता तवाच पोरीनं तोंड फिरवलं आणि पोट दाबून धरलं. वच्छलाबाई मागं सरकली.

मग सारजाला युक्ती सुचली. ज्याला वासच नाही असं फूल आणावं, म्हंजी पोरगी काहीतरी ठोकून देईल आणि सापडंल. ती परसातून वळसा घेऊन बांधावर गेली, सोनचाफ्याची फुलं तोडली आणि पदराआड धरून आली. अजून तिनं वसरीची पायरी चढली नव्हती.

“सोनचाफा आणला का, आत्याबाई?” भागू म्हणाली.

सारजा जागीच थांबली. “फडक्यातून बघतीस व्हय गं?”

“अगं, बघायचं काय त्याच्यात?” पुंजाराम हसला. “मला हितं खाटंवर येतोय की.”

“काय येतोय?”

“वास!”

सारजानं वच्छलाबाईकडं बघितलं. वच्छलाबाईनं मान हलवली. सांडूकडं बघितलं. “इनबाई,” सांडू बिचकत म्हणाला, “घमघमाट सुटलाय.”

सारजा पायरीवर बसली. तिला वाटायचं, आपट्याच्या पानाला दसऱ्याला सोनं म्हणायची रीत हाय, घेणारा बी म्हणतो आणि देणारा बी. सोनाराकडं कुणी नेत नाही. तसंच सोनचाफ्याच्या वासाचं. पिवळं, देवाला आवडतं फूल, त्याला घमघमाट म्हणायची रीत. तिनं जन्मभर गिऱ्हाइकाला तसंच म्हणून फुलं विकली होती. नाकाशी नेलं तर जराशी आंबूस, काकडीच्या देठासारखी कायतरी चाहूल. बाकी काही नाही.

“तुम्हाला खरंच येतो?” तिनं परत विचारलं. “रीत म्हणून नाय?”

कुणालाच हसू आलं नाही. तिचं तोंडच तसं झालं होतं.

सांडू हळूच म्हणाला, “माझ्या आईचं बी असंच होतं. पैठणला बाजारात गेली की मोगरावाल्याच्या बाजूनं जायचीच नाय. आम्ही म्हणायचो, म्हातारी तिरसट.”

आणि सारजाला तिची आई आठवली. लग्नाघरी नवरीच्या डोक्यात सोनचाफा बघून म्हणायची, “ह्याच्यापरीस जास्वंद काय वाईट?” सगळ्या बाया तिला येडी म्हणायच्या. आईचं पटून हसायची ती एकटी सारजाच.

वच्छलाबाई सारजाकडं टक लावून बघत होती. “देवाचं फूल...” तिनं सुरुवात केली.

“बोल की,” सारजा उठून म्हणाली. “माझ्या आत कोण बसलंय ते बी सांगून टाक. आत्ताच्या आत्ता.”

“म्या कुठं काय म्हणलं?” असं पुटपुटत वच्छलाबाई घराकडं निघाली.

सारजानं सुनेच्या डोळ्यांवरचं फडकं सोडलं. सोनचाफ्याची फुलं तिच्या ओच्यात टाकली, आणि आतलं गठुडं उचलून परत उतरंडीमागं सरकवलं.

“इवाई, पाणी प्या. जेवा,” ती म्हणाली. “आणि एकटेच जा.”

त्या दिवसापासून मोगऱ्याची वली फडकी गोठ्यात गेली. म्हैस काही बोलली नाही. सोनचाफ्याचा तोडा भागूकडं गेला. गुलमंडीवर कुणी सोनचाफा हुंगून “आहाहा” केलं, की सारजाबाई पहिल्यासारखी “घमघमाट हाय” म्हणत नसे. ती त्या माणसाच्या तोंडाकडं बघत बसायची, चोर बघावा तसं.

एकदा भर दुपारी बांधावर कुणी नाही असं बघून तिनं सोनचाफ्याची एक पाकळी बोटांत चुरडली, नाकाला लावली, डोळे मिटले आणि लई वेळ वाट बघितली.

मग लुगड्याला बोटं पुसून ती मोगऱ्याला पाणी फिरलं का ते बघायला गेली.