वाडीकडचं दार

"आधी गुरं आत घ्या. आणि तुम्ही इथंच थांबा, पडवीत."

खोतांच्या घरातल्या वहिनी कोठाराच्या दारात उभ्या होत्या. भर दुपार होती, पण उजेड दिवेलागणीचा. समुद्र किनारा सोडून आमच्या महारवाड्यात शिरला होता. आमची झोपडी माझ्या डोळ्यांदेखत उडाली. आय, मी आणि वाड्यातली बाकीची माणसं खोतांच्या सुपारीच्या कोठाराकडे पळालो. चिऱ्यांच्या जाड भिंतींची तेवढीच एक जागा जवळ होती.

गडी गाई-म्हशी एकेक करून आत नेत होता. एक रेडकू बिथरलं. वहिनींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, त्याला चुचकारलं.

आय म्हणाली, "वैनी, दाराच्या आत कोपऱ्यात बसतो. कशाला हात न्हाय लावत."

"आत सुपारी आहे गो. देवाला जाते ती."

ती सुपारी आयनंच सोललेली होती. अंगणाबाहेर बसून. तिच्या हातची सुपारी पाणी शिंपडून मग आत जायची. आय पडवीत जाऊन बसली. मीही. मी फायनल पास झालेली, शेजारच्या गावात मुलांना शिकवणारी. सुट्टीत घरी आले होते. अस्पृश्यता कायद्यानं गेली, हे मी वर्गात सांगितलं होतं. खोतीही कायद्यानं गेली होती. पण खोत खोतच होते, आणि दार आतून बंद झालं.

कडीचा आवाज मला ऐकू आला. एवढ्या वाऱ्यात तो ऐकू येणं शक्य नाही, असं लोक म्हणतात. मला आला.

मग पडवीचं छप्पर उचललं गेलं आणि एक वासा आयच्या मानेवर आला. ती ओरडली नाही. तिचा हात माझ्या हातात होता, तो फक्त जड झाला.

वारा पडल्यावर खोत आले. आधी त्यांनी वर पाहिलं.

"अरेरे. पडवी गेली," ते म्हणाले.

मग खाली पाहिलं.

कोठारातली सगळी गुरं जगली.

पडवी लवकरच पुन्हा उभी राहिली. आमची घरं उभी राहण्याच्या कितीतरी आधी. तोच वासा वापरला. धुऊन, गोमूत्र शिंपडून.

हे मी सावकाश लिहिते आहे. भराभर लिहिलं तर राग लिहिला जातो, आणि मला जे पाहिलं तेच लिहायचं आहे.

त्यानंतर खोत बदलले. गावात मदत समिती झाली, ते तिचे प्रमुख. मला 'ए पोरी' म्हणणारे खोत 'बाई' म्हणू लागले. एकदा आमच्या ताडपत्रीच्या पालापर्यंत स्वतः चालत आले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या लोकांना पक्की घरं द्यायची आहेत. जागा मी देतो. वाडीच्या कडेची."

खोतांच्या सुपारीच्या वाडीत आमच्या माणसाला कामाशिवाय पाऊल टाकता येत नसे. ती जागा आम्हाला?

"का?" मी काकांना विचारलं. काका म्हणजे माझे चुलते. बाप लहानपणीच गेला, तेव्हापासून तेच घरातले वडीलधारे.

"का म्हंजे काय? त्याला वाईट वाटलं आसंल. तुझी आय त्याच्या दारात गेली."

"त्यांना पडवीचं वाईट वाटलं, काका."

"तुला पुस्तकं वाचून वाचून सगळ्यात काळंबेरंच दिसतंय. सिमिटाचं घर मिळतंय पोरी. गप ऱ्हा."

मी गप्प राहिले. गप्प राहणं मला जमतं. पण मी पाहत राहिले.

सरकारचे इंजिनिअर साहेब आले. भला माणूस वाटला. त्यांनी आम्हाला किनाऱ्यावर बसवलं आणि काठीनं वाळूत घर काढून दाखवलं. छप्पर भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधायचं. भिंतीवर सगळीकडून सिमेंटचा पट्टा फिरवायचा. दोन घरांमध्ये मोकळी जागा सोडायची. आणि दार? साहेबांनी काठी टेकवली. "समुद्राकडे पाठ, जमिनीकडे दार. वारा एकदा दारातून आत घुसला, की छप्पर खालून उचलतो."

हे आमच्या कोणाला नवं नव्हतं. आमच्या झोपड्यांचीही पाठ समुद्राकडेच असायची. पण साहेब बोलले म्हणून बरं वाटलं.

साहेब पुढच्या गावी गेले. बांधकाम समितीकडे आलं.

शनिवारी शाळा सुटली की मी चालत गावी येई आणि भिंती बघत बसे. आयचं दुःख घेऊन बसायला दुसरी जागाही नव्हती. एका शनिवारी मला दिसलं की दोन घरांमध्ये मोकळी जागा सोडलेली नाही. घराला घर चिकटलेलं. एक लांबच लांब भिंत. पुढच्या वेळी आले तेव्हा दारांच्या चौकटी बसल्या होत्या. सगळ्या समुद्राकडे. खिडक्याही समुद्राकडे. वाडीकडची भिंत अखंड. हवेला एक झरोकासुद्धा नाही.

मी भिंतीला वळसा घालून वाडीच्या बाजूला गेले. तिथं सुपारीची नवी रोपं लावली होती. नीट आळी करून, पेंढा घालून.

वादळाआधी वाडीच्या समुद्राकडच्या अंगाला उंडीच्या जुन्या झाडांची दाट रांग होती. खोतांच्या आजोबांनी लावलेली. वारा अडवायला. वादळात ती सगळी आडवी झाली, आणि आता तिच्याच जागेवर आमची घरं उभी राहत होती. नवी झाडं वाढायला अर्धा जन्म लागतो. सिमेंट लवकर वाढतं.

घर बांधणारा गल्ली सोडतो. कुंपण घालणारा सोडत नाही.

मी काकांना तिथं नेऊन दाखवलं. त्यांनी भिंतीवर थाप मारून बघितली. मग म्हणाले, "भिंत तर पक्की हाय ना?"

"पक्की आहे. त्यांच्यासाठी."

"हळू बोल."

घरं वाटायचा समारंभ झाला. मांडव, खुर्च्या, इंजिनिअर साहेबांना हार. समुद्राचा वारा सुटला होता. उघड्या दारांतून वाळू घरांत चालली होती आणि सगळे ती न दिसल्यासारखे बसले होते. खोत म्हणाले, "आमच्या बाई शिकलेल्या आहेत. त्या आभाराचे चार शब्द बोलतील."

आमच्या बाई.

मी उभी राहिले. म्हणाले, "साहेब, तुम्ही वाळूत घर काढलं होतं. त्याचं दार कुठं होतं?"

साहेबांच्या हातात शहाळं होतं. त्यांनी दारांकडे पाहिलं. मग खोतांकडे. त्यांना कळलं, हे मला दिसलं. ते म्हणाले, "बांधकाम तसं मजबूत आहे." आणि शहाळं तोंडाला लावलं.

मला तो माणूस भला वाटला होता. त्या दिवसापासून मी भलेपणा आधी हातात घेऊन उलटसुलट बघते.

खोत हसले. "बाई, तिकडे दार कसं काढणार? तिकडे वाडी आहे. तुमची ये-जा वाडीतून होणार. पोरंबाळं, कोंबड्या…"

"आणि वारा?"

"वारा काय हो, सगळ्यांनाच लागतो."

"न्हाय," मी म्हणाले. चारचौघांत मी पुस्तकी बोलत असे, पण त्या दिवशी तोंडात आयची बोली आली. "सगळ्यांना न्हाय लागत. तुमच्या गुरांना न्हाय लागला. माझ्या आयला लागला."

काका खालूनच म्हणाले, "पोरी, बस."

बसले नाही. आभार मानले नाहीत. घर मात्र घेतलं. ते सोडून जावं, असं कोणाला वाटलं असेल तर ती त्यांची चूक. दान म्हणून आलेलं घर नाकारून वाळूत पाल ठोकायचं, म्हणजे त्यांना भिंतही मिळते आणि आमच्यापासून सुटकाही. मी घर घेतलं, कारण ते आयच्या मानेवर उभं होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर, सगळ्यांना दिसेल अशा वेळी, मी काकांची पहार घेतली आणि वाडीकडच्या भिंतीवर घातली.

शेजारची म्हातारी सोना आत्या बघायला आली. "आगो बया, भिंत फोडतीस? छप्पर पडंल की डोक्यावर."

"पडलं तर माझ्या डोक्यावर पडेल, आत्या. मागचं कुणाच्या डोक्यावर पडलं होतं?"

ती खाली वाकली. निखळलेले चिरे एकेक उचलून बाजूला ठेवू लागली. छप्पर पडलं नाही. वरच्या पट्ट्यानं भिंत धरून ठेवली. साहेबांनी तेवढं खरं सांगितलं होतं. निघालेले चिरे मी समुद्राकडच्या दारात रचले, वर मातीचा गिलावा केला. चौकट उचलून वाडीकडे बसवली. घराची पाठ समुद्राकडे झाली.

संध्याकाळी पोलीस पाटील आले. "सरकारी भिंत फोडलीत."

"पाटील, घर माझं का सरकारचं? आधी ते सांगा. माझं असेल तर तुम्ही जा. सरकारचं असेल तर काल हार कशाचे घातले?"

ते गेले. मग दारासमोर काट्यांचं कुंपण पडलं. मी ते ओढून बाजूला केलं. पुन्हा पडलं, पुन्हा ओढलं. शाळेत माझ्याविरुद्ध तक्रार गेली, दूरची बदली होईल असं कानावर आलं. काका माझ्याशी बोलायचे थांबले. त्यांच्या घराचं दार अजून समुद्राकडे आहे. सोना आत्यानं आपलं फिरवून घेतलं. बाकीची रांग तशीच, वाऱ्याच्या तोंडाला.

आता लोक मला विचारतात, उद्या वादळ आलं, खोतांच्या घरची माणसं तुझ्या दारात आली, तर तू काय करशील? मला या प्रश्नाचाही संशय येतो. आय पडवीत बसली होती, तेव्हा हा प्रश्न कोणी त्यांना विचारला नव्हता.

मी उत्तर देत नाही. दार कुठं असावं हे मी ठरवलं. ते कधी आणि कोणासाठी उघडायचं, तेही मीच ठरवीन. बदली झाली तर नोकरी सोडीन, घर सोडणार नाही. दार बुजवायला कोणी आलं, तर पहार शोधायला मला लांब जायचं नाही. अडसर म्हणून रोज संध्याकाळी मी तीच आडवी लावते.